पहिले दोन फोन

खुंटी हे त्याचं नाव कॅप्टनने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं की दुसऱ्या महिन्यापासून त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो चटकन वळूनही बघत नसे.

चौघं एकाच कॉलेजातून सहा महिन्यांसाठी एक्सचेंजवर, म्हणजे तिथल्या कॉलेजात शिकायला, परदेशी आले होते. कॅप्टन, मावशी, छकुली आणि हा. कॅप्टन सगळं ठरवायचा, म्हणून कॅप्टन. मावशीच्या पर्समध्ये लिंबू, मीठ, डोकेदुखीच्या गोळ्या आणि सुईदोरा असायचा, म्हणून मावशी. छकुलीचं नाव तिच्या बाबांमुळे फुटलं. पहिल्याच आठवड्यात ते व्हिडिओ कॉलवर "छकुली, स्वेटर घातलास का गं?" असं ओरडले आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी ऐकलं. मग झालंच.

दर गुरुवारी एक्सचेंजच्या मुलांना क्लबमध्ये अकराच्या आत फुकट सोडत. आत कोट ठेवायला मात्र पैसे पडत, आणि थंडी तर अशी की कोटाशिवाय हॉस्टेलपासून क्लबपर्यंत चालत जाणं म्हणजे न्यूमोनियाला घरी बोलावणं. यावर कॅप्टनने तोड काढली. क्लबच्या समोर, रस्त्यापलीकडे, रात्रभर उघडी असणारी लाँड्री होती. नाणी टाकायची आणि आपले कपडे आपणच धुऊन न्यायचे. तिथे बसायला बाक होता आणि मशीनची ऊब होती. खुंटी पीत नव्हता, नाचत नव्हता. पहिल्या गुरुवारी आत गेला होता तेव्हा खांबाला टेकून तीन तास हातातला सरबताचा ग्लास सांभाळत उभा राहिला होता. "नाहीतरी तू आत उभाच राहतोस," कॅप्टन म्हणाला, "मग बाहेर बस ना बाबा. तेवढेच आमचे कोट धर."

तेव्हापासून तो कोट धरत होता. खोलीत एकट्याने हीटरचा आवाज ऐकत पडण्यापेक्षा ते बरं होतं. निदान जाताना आणि येताना चौघं बरोबर चालायचे.

कोटांबरोबर फोनही आले. आतल्या गर्दीत मावशीचा फोन एकदा चोरीला जाता जाता वाचला होता, म्हणून फोन कोटाच्या खिशातच ठेवायचे आणि कोट खुंटीकडे द्यायचे. आणि फोनबरोबर घरचे आले. इथे मध्यरात्र म्हणजे घरी पहाट, आणि पहाटे उठून मुलांची आठवण काढणारे आईबाप सगळ्यांनाच होते. एकदा मावशीच्या आईचा फोन वाजतच राहिला, तेव्हा खुंटीने उचलला. "काकू, ती आत्ताच झोपली. दिवसभर लायब्ररीत होती. फोन इथे अभ्यासिकेतच विसरून गेली." काकूंना इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, "तो मुलगा किती गुणी आहे गं. त्याच्याकडून काहीतरी शिक."

सगळे पोट धरून हसले. पण त्या दिवसापासून ते कामही खुंटीचं झालं. त्याचा आवाज त्या कामाला चांगला होता. शांत, थोडा थकलेला, नुकतंच पुस्तक मिटून ठेवल्यासारखा. कॅप्टन म्हणायचा, "याने सांगितलं की मी हिमालयात तप करतोय, तरी माझे वडील विश्वास ठेवतील."

हे चार महिने चाललं.

त्या गुरुवारी संध्याकाळी भांडी घासताना छकुली सहज बोलून गेली, "आज तू पण चल ना आत. दर वेळी काय बाहेर बसतोस म्हाताऱ्यासारखा."

ती सहज बोलली होती. त्याने ते मनावर घेतलं. त्याने निळा शर्ट इस्त्री केला. हॉस्टेलची इस्त्री टाकीतून पाणी सोडायची, म्हणून कॉलरवर डाग पडला, तर त्याने तो हेअर ड्रायरने वाळवला. मावशीकडून अत्तराचा एक थेंब मागून घेतला. वाटेत तो नेहमीपेक्षा जास्त बोलला आणि त्याच्या दोन विनोदांना छकुली हसलीही.

क्लबच्या दाराशी रांगेत उभं असताना कॅप्टनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय, नवरदेव कुणाचा?"

"मी पण येतोय आज," खुंटी म्हणाला.

"आणि कोट कोण धरणार? तुझे सासरे?"

मावशी खिदळली. खुंटीने छकुलीकडे पाहिलं. ती सांगेल, असं त्याला वाटलं. मीच बोलावलंय म्हणेल.

छकुलीने आपला कोट काढला. तिचे बाबा शिंपी होते. कोट त्यांनीच शिवला होता, आत फोनसाठी वेगळा खिसा ठेवून. तो तिने खुंटीच्या अंगावर घातला, लहान मुलाला घालावा तसा, आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. मग दोन पावलं मागे सरकली. "थांब थांब, हलू नकोस," म्हणत तिने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ग्रुप एक्सचेंजच्या सगळ्या मुलांचा होता, दीडशे जणांचा. खाली लिहिलं, 'आमची खुंटी. मजबूत, टिकाऊ, बोलत नाही.'

मग वरची दोन बटणं सोडून फोन त्या आतल्या खिशात सरकवला, त्याच्या छातीवर दोनदा थोपटलं आणि ती आत गेली. बाकीचे दोघेही आपापले कोट त्याच्या हातावर टाकून तिच्यामागे गेले.

लाँड्रीत एकच मशीन फिरत होतं. कुणीतरी चादरी टाकून गेलं होतं. खुंटी बाकावर बसला. त्याने आपल्या फोनवर तो फोटो पाहिला. एकशेवीस जणांनी हसून घेतलं होतं. ज्यांच्याशी तो कधी बोलला नव्हता असे लोक हसले होते. वर्गात शेजारी बसणारी ती शांत मुलगीसुद्धा.

अकरा चाळीसला छातीशी फोन थरथरला. त्याने खिशातून काढून पाहिला. पडद्यावर 'आई' असं लिहिलं होतं.

नेहमीचं काम होतं. उचलायचा आणि म्हणायचं, ती झोपली काकू. पण त्याने उचलला नाही. दे ना उत्तर आता, त्याच्या मनात आलं. नाच सोडून बाहेर ये आणि स्वतःच्या तोंडाने खोटं बोल. फोन वाजून वाजून थांबला.

सहा मिनिटांनी परत आला. परत 'आई'. या वेळी त्याने तो मांडीवर ठेवला आणि वाजू दिला. खोटं कशाला बोलायचं, या विचाराने त्याला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने कुणाला तरी नाही म्हटलं होतं, आणि ते म्हणायला तोंडही उघडावं लागलं नव्हतं.

बारा वाजून दोन मिनिटांनी फोन आला तो 'बाबा' नावाने. दोघं मिळून मागे लागले, तर सकाळी छकुली आपल्यावरच ओरडेल, म्हणून त्याने उचलला.

"काका, मी बोलतोय. ती आत्ताच झोपायला गेली. फोन इथे अभ्यासिकेतच राहिला तिचा."

"झोपली का?" काका म्हणाले. ते धापा टाकत होते, जिना चढून आल्यासारखे. "उठव रे बाळा तिला. एवढं काम कर."

"काय झालं काका?"

"तिची आई दवाखान्यात आहे. परवापासून. छकुलीला साधा ताप सांगितलाय, परीक्षा आहे ना तिची. आता डॉक्टर म्हणतात श्वास पुरत नाही, घशात नळी घालावी लागेल. नळी घातली की बोलता येत नाही. ती ऐकतच नाही रे. म्हणते पोरीशी बोलते आणि मग घाला. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिलीत. वीसच."

खुंटी उभा राहिला.

"आणि हे बघ, तिला नळीचं काही सांगू नकोस. घाबरेल. परक्या ठिकाणी एकटी पोर. नुसतं म्हण, आईला बोलायचंय."

"हो काका. तिचा मजला वरचा आहे. पाच मिनिटांत लावायला सांगतो."

बाकावरचे कोट उचलून तो रस्ता ओलांडून धावला. दारावरच्या माणसाने आडवा हात घातला. कोट घेऊन आत जाता येणार नाही, कोट काउंटरवर, आणि अकरानंतर तिकीट. खुंटीने घरी आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, रोज चारपाच जणांच्या घरी कुणी ना कुणी आजारी असतं. शेवटी खुंटीने आपलं विद्यार्थी ओळखपत्र त्याच्या हातात ठेवलं, कोट तिथेच कठड्यावर टाकले आणि आत शिरला. छकुलीचा कोट अंगावरच होता.

छकुली नाचण्याच्या चौथऱ्यावर होती. बूट काढून हातात धरले होते. त्याला तिच्याच कोटात बघून ती टाळ्या पिटत ओरडली, "खुंटी चालायला लागली रे!"

"घरून फोन आहे," तो तिच्या कानाशी ओरडला.

"झोपले म्हणून सांग."

"आईला बोलायचंय. आत्ताच."

"आई? मग तर मुळीच नाही. बाबांना काही कळत नाही, पण आईला फोनवरूनसुद्धा वास येतो."

त्याने तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. असं त्याने कधी केलं नव्हतं, म्हणून ती आली. काय तमाशा आहे बघायला कॅप्टन आणि मावशीही आले. कोट आणि ओळखपत्र गोळा करून चौघं लाँड्रीत पोहोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा अकरा झाले होते. अजून अकरा मिनिटं होती.

"लाव," खुंटी म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"अरे पण असल्या आवाजात?" छकुली घाबरली होती. तिची जीभ जड झाली होती आणि तिला ते कळत होतं. "आई लगेच ओळखेल. मेलेच मी. मावशी, काहीतरी दे ना."

मावशीने पर्स उघडली. लिंबू कापायला सुरी नव्हती, म्हणून दाताने फोडलं. छकुलीने लिंबू चोखलं, तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली.

"आता चाचणी," कॅप्टन बाकावर पाय पसरून म्हणाला. "म्हण, आई, मी झोपले होते गं."

छकुली म्हणाली. शब्द एकमेकांच्या अंगावर पडले. मावशी हसून मशीनला धडकली.

"पुन्हा. झोपेतला आवाज काढ, देशी दारूच्या दुकानातला नको."

पुन्हा म्हणाली. पुन्हा सगळे हसले. आता छकुलीसुद्धा हसू लागली. हसता हसता तिचा तोल गेला आणि तिने खुंटीचा खांदा धरला, तो धरूनच ठेवला.

"तू सांग," ती म्हणाली. "तुझा कान तयार आहे. आमच्या सगळ्यांच्या आया तू कोळून प्यायला आहेस. मार्क दे."

तिघंही त्याच्याकडे बघत होते. कॅप्टनसुद्धा. चार महिन्यांत असं झालं नव्हतं. खुंटीने घड्याळ पाहिलं. बारा चौदा. आठ मिनिटं आहेत, त्याने हिशेब केला. आठ मिनिटं खूप असतात. आणि काकांनी नळीचं सांगायला मनाई केली आहे.

"चार," तो म्हणाला.

"दहापैकी चार? दुष्टा!"

"'झोपले होते' नंतर थोडं थांब. जांभई दे. मग आई म्हण."

"वा रे गुरुजी!" कॅप्टनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

छकुलीने जांभई दिली, मग आई म्हणाली. मावशीने टाळ्या वाजवल्या. खुंटीने साडेपाच दिले. पुढच्या वेळी सात. सातवर लावायला हरकत नव्हती. "अजून एकदा," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला तेव्हाही कळत होतं. तिचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

तेवढ्यात मशीन थांबलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत त्याने वर पाहिलं तर बारा एकोणीस झाले होते.

"लाव आता. लगेच लाव."

"अरे काय घाई आहे?" कॅप्टन म्हणाला. "आई कुठे पळून चाललीय का?"

"तिच्या घशात नळी घालणार आहेत," खुंटी म्हणाला. "त्याच्या आधी तिला बोलायचंय. मग बोलता येणार नाही."

कॅप्टन आधीच्या विनोदाचं उरलेलं थोडं हसला आणि मग थांबला. छकुलीने खुंटीकडे पाहिलं. तिची नशा डोळ्यांदेखत उतरली. "कधी सांगितलं तुला?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन हिसकावून घेतला. बोटं दोनदा चुकीच्या ठिकाणी लागली. मग फोन लागला.

"बाबा, आई कुठेय? आईला द्या."

आवाज अगदी स्वच्छ होता. दहापैकी दहा.

काका काय बोलले ते सगळ्यांना ऐकू आलं. "आत नेलं गं. आत्ताच. एकदम घाबरीघुबरी झाली, ओठ निळे पडले, मग ते थांबले नाहीत. दोन मिनिटं झाली असतील." मग म्हणाले, "झोपेतून उठवलं का तुला? जा, झोप परत. सकाळी बोलू."

छकुली बाकावर बसली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेली तर तिने हात झटकला.

आई नळीवर तीन दिवस होती. तिकीट मिळून छकुली निघाली तेव्हा कॅप्टनचं सादरीकरण होतं आणि मावशीचा पेपर होता. विमानतळावर पोचवायला खुंटी गेला. बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. छकुली फोन चाळत होती आणि एका जागी थांबली.

"अकरा चाळीस," ती म्हणाली. "अकरा सेहेचाळीस. आईचे दोन."

खुंटी खिडकीबाहेर बघत होता.

"तू का नाही उचललेस?"

"मशीन चालू होतं. ऐकू आलं नाही."

"फोन तुझ्या छातीशी होता."

तिने फोन आतल्या खिशात ठेवला. मग म्हणाली, "मी कुठे होते ते बाबांना कळता कामा नये. काही झालं तरी. मी झोपले होते, बस्स. ते जन्मात माझं तोंड बघणार नाहीत."

"माझ्याकडून नाही कळणार."

"माझी शपथ घे."

त्याने घेतली. ती घरी पोहोचायच्या आधीच, मधल्या कुठल्या तरी विमानतळावर तिला आई गेल्याचं कळलं.

ती परत आली नाही. गुरुवार परत आले. कॅप्टनने तो फोटो ग्रुपवरून काढायला लावला आणि या विषयावर कुणी बोलायचं नाही, असं बजावलं. कुणी बोललंही नाही. छकुलीची खोली खुंटीने आवरली, सामानाची खोकी करून पाठवली.

तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याच्या फोनवर काकांचा फोन आला. खुंटी दुपारच्या रिकाम्या स्वयंपाकघरात भात लावत होता.

"खोकी मिळाली रे. तू फार केलंस," काका म्हणाले. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. छकुलीच्या आईचा फोन मी रोज चार्ज करतो. कशाला करतो माहीत नाही. बंद पडला तर बरं वाटत नाही. काल त्यात बघितलं, तिने त्या रात्री छकुलीला दोन फोन लावले होते. मी खाली इंजेक्शन आणायला गेलो होतो तेव्हा. मास्क लावलेला, हातात सुया, तशात लावले. मला बोलली नाही. वाजले का रे ते? का लागलेच नाहीत? कधीकधी लागत नाही ना परदेशी. छकुलीला विचारलं की ती उठून आत जाते."

लागलेच नाहीत काका, एवढंच म्हणायचं होतं. पण छकुलीच्या फोनमध्ये ते दोन्ही होते आणि काकांनी उद्या तो मागितला तर? मग विचारतील, फोन तुझ्याकडे होता ना? आणि तेव्हा त्याचा तो नेहमीचा आवाज आपोआप आला, शांत, थोडा थकलेला.

"वाजले होते काका."

"वाजले?"

"तेव्हा ती अभ्यासिकेतच होती. फोन तिच्या हातात होता. तिने नाव बघितलं. दमली होती खूप. म्हणाली, उद्या बोलते. दुसऱ्यांदा आला तेव्हा फोन पालथा घातला आणि झोपायला गेली. म्हणून तर तिसरा मी घेतला."

पलीकडे काकांच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"नाव बघितलं तिने," ते म्हणाले.

"हो."

"आईचं."

"हो काका."

त्यांनी फोन ठेवला नाही. बहुतेक टेबलावर टेकवला असावा. भांड्यांचा आवाज थांबला. काकांनी छकुली म्हटलं नाही, तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली. मग विचारलं, "आईचा फोन आला तेव्हा नाव बघून पालथा घातलास तू? दोन वेळा?"

खुंटीने फोन कानाशी दाबला. ती एका वाक्यात त्याला उघडा पाडू शकत होती. फोन माझ्याकडे नव्हताच बाबा. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तू कुठे होतीस?

"बोल ना," काका म्हणाले. "तो मुलगा खोटं बोलेल का?"

छकुली बोलली नाही. खुंटीने कान लावून बरीच वाट पाहिली. एक दार लागलं, जोरात नाही, नेहमीसारखं.

"हॅलो," काका परत फोनवर आले. "आहेस का रे? सांगितलंस ते बरं केलंस. मी उगाच फोनच्या कंपनीला दोष देत होतो." मग त्यांनी विचारलं, "जेवलास का तू?"

"बसतोच आहे काका," खुंटी म्हणाला आणि त्याने भाताखालचा गॅस बारीक केला.